थडगे उकरणारा कादंबरीकार

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील ऑक्सफर्ड हे १९४९ साली जेमतेम चार हजार वस्तीचे गाव होते. त्या वर्षी ११ ऑक्टोबरला गावातील लिरिक चित्रपटगृहात 'इंट्रूडर इन द डस्ट' या चित्रपटाचा पहिला खेळ झाला आणि जमलेल्या गावकऱ्यांनी पडद्यावर स्वतःलाच पाहिले. मेट्रो-गोल्डविन-मायर कंपनीने त्याच वर्षीच्या वसंत ऋतूत हा चित्रपट या गावात चित्रित केला होता. चौक तोच, रस्ते तेच आणि गर्दीच्या दृश्यांत वावरणारी शेकडो माणसेही गावातलीच. पडद्यावरची ती गर्दी जमली होती तुरुंगातल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय शेतकऱ्याला बाहेर ओढून जाळण्यासाठी. ही कथा ज्याने लिहिली तो गृहस्थही त्या रात्री प्रेक्षकांत बसला होता. यायला तो राजी नव्हता; घरच्यांनी गळ घातली म्हणून आला. त्याचे नाव विल्यम फॉकनर.

जेमतेम वर्षभराने त्याला १९४९ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पानभर लांबीची वाक्ये आणि मागे-पुढे धावणारा काळ यांमुळे फॉकनरची ख्याती अवघड लेखक म्हणून पसरली ती आजतागायत. परंतु त्याच्या कितीतरी कथा-कादंबऱ्यांच्या मुळाशी एक खून असतो, ही गोष्ट त्या मानाने कमी बोलली जाते. खून झाला, खुनी कोण, एवढाच रहस्यकथेचा प्रश्न असतो. फॉकनरला छळणारा प्रश्न त्याच्या एक पायरी पुढचा होता. खुनी कोण हे जाणून घेण्याची गावाची इच्छा तरी आहे का?

हा प्रश्न त्याला घराण्याच्या वारशातच मिळाला होता. त्याचे पणजोबा कर्नल विल्यम क्लार्क फॉकनर हे यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले, पुढे रेल्वेमार्ग बांधून श्रीमंत झालेले आणि तापट म्हणून प्रसिद्ध असलेले गृहस्थ. त्यांनी १८८१ साली 'द व्हाइट रोझ ऑफ मेम्फिस' नावाची कादंबरी लिहिली. ती तडाखेबंद खपली आणि योगायोग असा की तीही एक खुनाचीच कथा होती. ५ नोव्हेंबर १८८९ रोजी, राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले त्याच दिवशी, रिप्ली गावच्या भर रस्त्यात त्यांच्या जुन्या भागीदाराने त्यांच्यावर गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी ते वारले. गोळी कोणी झाडली याविषयी कोणाच्याच मनात शंका नव्हती. तरीही खटल्यात भागीदार निर्दोष सुटला. या घटनेनंतर आठ वर्षांनी, २५ सप्टेंबर १८९७ रोजी, न्यू अल्बनी येथे पणतू विल्यमचा जन्म झाला. मरण पावलेल्या कर्नलच्या गोष्टी ऐकतच तो मोठा झाला.

१९०२ मध्ये कुटुंब ऑक्सफर्डला आले. तालुक्याच्या गावासारखेच ते गाव. मधोमध न्यायालयाची इमारत, तिच्याभोवती चौक, चौकात दुकाने आणि यादवी युद्धातल्या सैनिकाचा दगडी पुतळा. ८ सप्टेंबर १९०८ रोजी एका गोऱ्या स्त्रीच्या खुनाच्या आरोपावरून नेल्स पॅटन या कृष्णवर्णीय माणसाला पकडण्यात आले. त्याच रात्री जमावाने तुरुंगाच्या भिंती फोडल्या, त्याला गोळ्या घातल्या आणि त्याचे प्रेत टांगून ठेवले. जमावाचे नेतृत्व आपण केले, असे अमेरिकी सिनेटचे माजी सदस्य विल्यम सलिव्हन यांनी उघडपणे आणि अभिमानाने सांगितले. कोणावरही कारवाई झाली नाही. अकरावे वर्ष पुरे व्हायला अवघे काही दिवस उरलेला विल्यम तेव्हा याच गावात राहत होता.

त्याच्या तारुण्याचा काळ फारसा उज्ज्वल म्हणता येणार नाही. शालेय शिक्षण त्याने अर्धवट सोडले. १९१८ मध्ये कॅनडात ब्रिटिश हवाई दलात भरती होताना आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवले. प्रशिक्षण पुरे होण्याआधीच महायुद्ध संपले, तरी गावात परतल्यावर तो गणवेश घालून, लंगडत, न लढलेल्या लढायांच्या कथा सांगत फिरत असे. विद्यापीठाच्या टपाल कचेरीत पोस्टमास्तर म्हणून त्याने सुमारे तीन वर्षे काढली, तीही पुस्तके वाचण्यात आणि पत्ते खेळण्यात. टपाल खात्याने चौकशी लावल्यावर १९२४ मध्ये नोकरी सुटली. १९२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला शेरवूड अँडरसन या लेखकाशी त्याची गाठ पडली. त्याच्याच सल्ल्यावरून फॉकनर आपल्या मिसिसिपीतल्या लहानशा मुलखाकडे लेखणी घेऊन परतला.

त्या मुलखाला त्याने योक्नापटाफा हे नाव दिले आणि त्याच्या मुख्य गावाला जेफर्सन. जेफर्सन म्हणजे थोडाफार बदललेले ऑक्सफर्डच. १९२९ ते १९३२ या चार वर्षांत त्याने 'द साउंड अँड द फ्युरी', 'ॲज आय ले डाइंग', 'सँक्च्युअरी' आणि 'लाइट इन ऑगस्ट' ही पुस्तके एकापाठोपाठ एक दिली. एवढ्या अल्प काळात एवढे काम केलेले लेखक जागतिक साहित्यात मोजकेच असतील. 'सँक्च्युअरी'त निरपराध माणसाला खोट्या साक्षीवरून दोषी ठरवले जाते आणि मग जमाव त्याला जाळतो. १९३० मधली 'अ रोझ फॉर एमिली' ही कथा तर इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचयाची आहे. एका प्रतिष्ठित घराण्यातली एकाकी बाई विष विकत घेते, तिचा प्रियकर दिसेनासा होतो, घराभोवती दुर्गंधी सुटते. गावचे कारभारी काय करतात? रात्री गुपचूप जाऊन अंगणात चुना टाकतात. चाळीस वर्षांनी बंद खोली उघडली जाते तेव्हा वाचकाला धक्का बसतो. गावाला मात्र आत काहीतरी असणार याची कल्पना आधीपासूनच असते. गुन्ह्याच्या बातमीसाठी गावोगाव फिरलेल्या कोणत्याही वार्ताहराला हे ओळखीचे वाटेल. भोवती जमलेल्यांपैकी निम्म्यांना सारे ठाऊक असते, पंचनाम्यावर सही करायला मात्र कोणी पुढे येत नाही.

तथापि, फॉकनर स्वतः गावापासून अलिप्त उभा होता असे समजणे चुकीचे ठरेल. जानेवारी १९३१ मध्ये त्याची 'ड्राय सप्टेंबर' ही कथा एका प्रतिष्ठित मासिकात आली. एका अफवेवरून काही गोरे लोक एका कृष्णवर्णीय पहारेकऱ्याला मोटारीत घालून नेतात आणि तो परत येत नाही. झुंडीच्या मानसिकतेचे इतके भेदक चित्रण त्या काळी विरळाच. पुढच्याच महिन्यात मेम्फिसच्या दैनिकात फॉकनरचे एक पत्र छापून आले. न्यायालयाच्या ज्युरीप्रमाणे जमावही बहुतेकदा बरोबरच ठरतो, असा त्या पत्राचा मतितार्थ होता. जमावाच्या हत्यांविरुद्ध काम करणाऱ्या स्त्रियांचे आभार मानणाऱ्या एका कृष्णवर्णीय वाचकाच्या पत्राला दिलेले ते उत्तर होते. त्या पत्राचे समर्थन करता येत नाही. कथाकार फॉकनर आणि ऑक्सफर्डचा रहिवासी फॉकनर हे एकाच घरात राहत, एकाच मेजावर लिहीत आणि अनेकदा एकमेकांशी भांडत, एवढेच त्यावरून कळते.

१७ सप्टेंबर १९३५ रोजी ऑक्सफर्डमध्ये एल्वुड हिगिनबॉटम या कृष्णवर्णीय शेतकऱ्याचा खटला चालू होता. ज्युरीचे एकमत व्हायला वेळ लागतो आहे असे दिसताच जमावाने त्याला तुरुंगातून पळवून ठार मारले. फॉकनर त्या वेळी अडतीस वर्षांचा होत आला होता आणि गावातल्याच 'रोवन ओक' या आपल्या जुन्या घरात राहत होता. त्याच्या स्वतःच्या आयुष्यातही ती वर्षे कठीण होती. पहिली मुलगी १९३१ मध्ये काही दिवसांचीच असताना गेली. नोव्हेंबर १९३५ मध्ये धाकटा भाऊ डीन विमान अपघातात मरण पावला. ते विमान मुळात फॉकनरचे होते. भावाच्या मागे राहिलेले कुटुंब, आई, पत्नी, सावत्र मुले, नोकरचाकर, सगळ्यांचा भार त्याच्या लेखणीवर. मद्यपान तर कायमचेच सोबतीला होते.

पैशासाठी तो १९३२ पासून अधूनमधून हॉलिवूडला जात असे. १९४२ मध्ये तर त्याने आठवड्याला ३०० डॉलरवर वॉर्नर ब्रदर्सची पटकथालेखनाची नोकरी धरली. रेमंड चँडलरच्या गुप्तहेरकथेवरील 'द बिग स्लीप' या चित्रपटाच्या पटकथाकारांत फॉकनरचे नाव आहे. चित्रीकरणाच्या वेळी कथेतल्या ड्रायव्हरचा खून नक्की कोणी केला, हे कोणालाच सांगता येईना, आणि खुद्द चँडलरला विचारले तर त्यालाही सांगता आले नाही, हा किस्सा प्रसिद्धच आहे. या काळात फॉकनरची जवळजवळ सगळी पुस्तके अमेरिकेत बाजारातून नाहीशी झाली होती. १९४६ मध्ये 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन' या रहस्यकथांच्या मासिकाच्या स्पर्धेत त्याने एक कथा पाठवली. तिला दुसरे पारितोषिक मिळाले, २५० डॉलरचे. फ्रान्समध्ये आपल्याला साहित्यातील एका नव्या प्रवाहाचा जनक मानतात आणि आपल्या देशात रहस्यकथांच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक येतो, याचे वैषम्य त्याने आपल्या प्रतिनिधीला लिहिलेल्या पत्रात बोलून दाखवले. त्याच वर्षी माल्कम काउली यांनी संपादित केलेला त्याच्या लेखनाचा संग्रह आला आणि वाचक पुन्हा त्याच्याकडे वळू लागले.

अशा स्थितीत १९४८ च्या आरंभी तो एक लहानशी रहस्यकथा लिहायला बसला. कल्पना आठ वर्षांपूर्वीची होती. खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात असलेला एक कृष्णवर्णीय माणूस कोठडीतूनच आपल्या खटल्याचा उलगडा करतो, असे तिचे सूत्र. लिहिता लिहिता ती रहस्यकथा राहिलीच नाही. त्याचे कारण तिचा नायक ल्युकस बोशँ हा होता. १९४२ च्या 'गो डाउन, मोझेस' या पुस्तकात फॉकनरने त्याला प्रथम आणले होते. ते पुस्तक त्याने कॅरोलाइन बार या वृद्धेला अर्पण केले आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या या बाईने फॉकनर भावंडांना वाढवले. १९४० मध्ये ती वारली तेव्हा फॉकनरने आपल्या दिवाणखान्यात तिचा अंत्यविधी करून स्वतः श्रद्धांजलीपर भाषण केले होते. ल्युकस मात्र तिच्यासारखा कोणाच्या मायेचा विषय नाही. तो एका गोऱ्या जमीनदाराचा वंशज आहे, स्वतःची जमीन राखून आहे आणि कोणापुढे मान तुकवत नाही. गावाला त्याचा राग आहे तो एवढ्याचसाठी.

कथा अशी. व्हिन्सन गाउरी हा गोरा तरुण पाठीत गोळी लागून मरून पडला आहे आणि त्याच्याजवळ ल्युकस उभा सापडतो, खिशात नुकतेच झाडलेले पिस्तूल. गावाच्या दृष्टीने तपास तिथेच संपला. गाउरी मंडळी कधी येऊन त्याला जाळणार, एवढीच काय ती वाट पाहायची. वकील गॅव्हिन स्टीव्हन्सही ल्युकसला दोषी धरूनच बोलू लागतो, म्हणून ल्युकस त्याला काही सांगत नाही. तो सांगतो वकिलाच्या सोळा वर्षांच्या भाच्याला, चिक मॅलिसनला. चार वर्षांपूर्वी हा मुलगा गोठलेल्या ओढ्यात पडला असता ल्युकसने त्याला घरी नेऊन ऊब दिली होती, जेवू घातले होते. चिकने त्याचे पैसे देऊ केले, ते ल्युकसने घेतले नाहीत. कृष्णवर्णीयाचे ऋण डोक्यावर असण्याची ही टोचणी मुलाला चार वर्षे छळत असते. आता ल्युकस त्याला एकच काम सांगतो. व्हिन्सनचे थडगे उकर आणि त्याच्या अंगातली गोळी माझ्या पिस्तुलाची आहे का, ते पाहा.

रविवारी रात्री चिक, त्याचा कृष्णवर्णीय सोबती अलेक सँडर आणि सत्तरी ओलांडलेली मिस हॅबरशॅम ही अविवाहित वृद्धा टेकडीवरच्या चर्चच्या आवारात जाऊन थडगे उकरतात. दोन मुले आणि एक म्हातारी, एवढीच गावातली माणसे सत्य शोधायला तयार असावीत, यात फॉकनरला जे म्हणायचे आहे ते बरेचसे आले. थडग्यात व्हिन्सनचे प्रेत नसतेच. तिथे भलत्याच माणसाचे प्रेत निघते. दुसऱ्या दिवशी शेरीफ येऊन थडगे उघडतो तर तेही गायब. कादंबरी जुनी आहे, तेव्हा शेवट सांगायला हरकत नसावी. खुनी निघतो व्हिन्सनचा सख्खा भाऊ क्रॉफर्ड. तो भागीदारीतले लाकूड चोरून विकत होता आणि ल्युकसने ते पाहिले होते.

यापुढचा प्रसंग या कादंबरीचा कळस म्हणावा लागेल. ल्युकसला जाळायला चौकात जमलेली गर्दी खरा खुनी कळताच पांगते. शेकडो मोटारी घाईघाईने गाव सोडून निघतात. भावाचा खून करणाऱ्या गोऱ्याला जाळायला कोणी थांबत नाही आणि ल्युकसची क्षमा मागायलाही कोणी थांबत नाही. मुलाला शरम वाटते ती या पळण्याची. अगदी शेवटी ल्युकस वकिलाच्या कचेरीत येतो, दोन डॉलर फी चिल्लर नाण्यांनी मोजून चुकती करतो आणि पावती मागतो. उपकार तो ठेवून घेत नाही. व्यवहार तेवढा पुरा करतो.

कादंबरी सप्टेंबर १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एक दोष आहे आणि तो त्याच वेळी एडमंड विल्सनसारख्या समीक्षकांच्या नजरेस आला. उत्तरार्धात वकील मामा पानेच्या पाने भाषण देतो. दक्षिणेचे पाप दक्षिणेलाच धुऊ द्या, उत्तरेने कायदे लादू नयेत, असा त्याचा सूर. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या नागरी हक्कांच्या धोरणाविरुद्ध दक्षिणेतले डेमोक्रॅट पक्षातून फुटून निघाले होते. त्यामुळे ही भाषणे कथेपेक्षा वर्तमानपत्री वादाचीच अधिक वाटतात. रात्री थडगे उकरायला न गेलेल्या माणसाच्याच तोंडी ती आहेत, हे मात्र वाचकाने विसरू नये.

चित्रपटाचे हक्क ५० हजार डॉलरला विकले गेले आणि फॉकनरची आर्थिक ओढाताण बरीच सैल झाली. दिग्दर्शक क्लॅरेन्स ब्राउन चित्रपटपथक घेऊन गावात आला. ल्युकसची भूमिका पोर्तो रिकोचा अभिनेता हुआनो हर्नांडेझ याने केली, आणि अप्रतिम केली. त्याला गोऱ्यांच्या हॉटेलात राहता येत नव्हते. त्याची सोय एका कृष्णवर्णीय कुटुंबात करण्यात आली. फॉकनर दांपत्याने रोवन ओकवर कलावंतांना मेजवानी दिली, तिचे बोलावणे हर्नांडेझला नव्हते. त्याला बोलवायचे तर ज्यांच्या घरी तो उतरला होता त्यांनाही बोलवावे लागले असते, ही अडचण. सोळा वर्षांच्या चिकला जी टोचणी लागली होती, ती त्याच्या निर्मात्याला त्या संध्याकाळी लागली असेल का?

नोबेलनंतर फॉकनर जगाचा झाला आणि त्याचे बोलणे गावाला अधिकच बोचू लागले. पारितोषिकाच्या रकमेतला काही भाग त्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी दिला. १९५० मध्ये तीन कृष्णवर्णीय मुलांना मारणाऱ्या गोऱ्या आरोपीला फाशी न देणाऱ्या ज्युरीवर त्याने मेम्फिसच्या त्याच दैनिकात पत्र लिहून टीका केली, ज्यात १९३१ चे ते पत्र आले होते. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीतील मनी या खेड्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची हत्या झाली, तेव्हा रोममधून निवेदन काढून त्याने तिचा धिक्कार केला. ज्युरीने तासाभरात आरोपींना सोडले आणि काही महिन्यांतच त्यांनी एका नियतकालिकाला पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. फॉकनरला रात्री-अपरात्री निनावी फोन येऊ लागले, भाऊबंदही दुरावले.

आणि मग १९५६ च्या फेब्रुवारीत एका ब्रिटिश पत्रकाराला दिलेल्या मुलाखतीत तो बोलून गेला की वेळ आली तर आपण संयुक्त संस्थानांविरुद्ध मिसिसिपीच्या बाजूने, रस्त्यावर कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडाव्या लागल्या तरी, लढू. पुढे त्याने हे विधान नाकारले. शुद्धीवर असलेला माणूस असे बोलणार नाही, असा खुलासा केला. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांनी टिलच्या मारेकऱ्यांना जिथे सोडले त्याच न्यायालयाच्या पायऱ्यांवर वादाला येण्याचे आव्हान त्याला दिले. फॉकनरने ते स्वीकारले नाही. जेम्स बॉल्डविन यांनी त्याच वर्षी लेख लिहून त्याच्या सबुरीच्या सल्ल्याची चिरफाड केली.

६ जुलै १९६२ रोजी पहाटे बायहेलिया येथील रुग्णालयात हृदयविकाराच्या झटक्याने फॉकनर निवर्तला. ६ जुलै ही त्या गोळी लागून मेलेल्या पणजोबांची जन्मतारीख. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेच्या वेळी ऑक्सफर्डच्या चौकातली दुकाने पंधरा मिनिटे बंद राहिली.

त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. ३० सप्टेंबर १९६२ च्या रात्री, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशाविरुद्ध, ऑक्सफर्डच्या विद्यापीठात हजारोंचा जमाव उसळला. मिसिसिपीच्या राष्ट्रीय रक्षक दलाची जी तुकडी प्रथम मदतीला पोहोचली, तिचा कप्तान फॉकनरचा सख्खा पुतण्या होता. विटेच्या माऱ्याने त्याचा हात मोडला. त्या रात्री दोघांचे प्राण गेले. त्यांतला एक पॉल गिहार हा फ्रेंच वृत्तसंस्थेचा तीस वर्षांचा बातमीदार. मुलींच्या वसतिगृहाजवळ तो पडलेला सापडला, पाठीत अगदी जवळून गोळी घातलेली. तपास यंत्रणेने सरकारी मार्शलांची पिस्तुले तपासून पाहिली. गोळी त्यांपैकी एकाशीही जुळली नाही. परिसरात हजारो माणसे होती. त्या खुनाबद्दल कोणावरही कधी खटला भरला गेला नाही.